मागताच परत मिळेल

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे ‘कतारमधल्या नोकरीचे गमतीशीर अनुभव’ मागितले होते. गमती आहेत, एकदोन सांगतेही. पण निवृत्त होऊन वर्ष झालं तरी मला आठवतं ते एक लोखंडी कपाट, आणि त्यात गंमत काही नाही.

आधी माझं काम काय होतं ते सांगते, कारण खेडला माझ्या जावेला ते अजून कळलेलं नाही. तिला वाटतं मी शाळेत शिक्षिका होते. मी शाळांत जायचे हे खरं, शिकवायचे हेही खरं. पण मुलांना नाही. दोह्यातल्या प्रत्येक खासगी शाळेत एचआरचं टेबल असतं. शिक्षक, ड्रायव्हर, आया, शिपाई, सगळ्यांचे करार, राहण्याचे परवाने, रजा, राजीनामे त्या टेबलावरून जातात. टेबलामागे बसणारी व्यक्ती बहुतेक वेळा आपल्यासारखीच पोटासाठी आलेली असते. ती कायदा शिकलेली नसते, आणि कायदा तर सारखा बदलत असतो. बदल अरबीत छापून येतो. शाळा म्हणते, भाषांतर आलं की बघू. तोवर जुन्या फॉर्मवर नवी माणसं सह्या करत राहतात.

आमचं छोटं सल्लागार ऑफिस मुऐदरला, एका शिंप्याच्या दुकानाच्या वर होतं. मला अरबी येत होती. लहानपणी मदरशात अक्षरं शिकले होते, पुढे इथे कामात भाषा आली. नवा नियम आला की मी तो वाचायचे, सोप्या इंग्रजीत दोन पानं लिहायचे आणि शाळाशाळांत जाऊन एचआरवाल्यांना समजावून सांगायचे. पहिली दहा मिनिटं मालक किंवा संचालक येऊन बसत. गावा, म्हणजे अरबी कॉफी, पीत, मान हलवत, आणि उठताना एकच प्रश्न विचारत. तो प्रश्न ‘आम्ही काय करायला हवं’ असा कधीच नसे. ‘मॅडम, यातून वाट काय?’ असा असे.

एका मुख्याध्यापकांनी चित्रकलेच्या बाईंना तिसऱ्यांदा प्रोबेशनवर ठेवलं होतं. मी म्हटलं, सर, प्रोबेशन सहा महिन्यांच्या वर नाही, आणि एका माणसाला दोनदा तर नाहीच. ते अगदी निरागसपणे म्हणाले, “पण त्यांची चित्रं अजून माझ्या मनात भरत नाहीत.” दुसऱ्या एका शाळेतले क्लार्क माझं प्रत्येक परिपत्रक प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून, तारीख लिहून फाईलला लावत. सहा वर्षांची परिपत्रकं होती. पाकिटातून बाहेर एकही आलेलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, “आपा, खराब होतील ना.”

संपादकसाहेब, गमती संपल्या.

अल गराफाच्या एका शाळेत वैशाली साठे एचआरला होती. मूळची नाशिकची. नवरा कोविडच्या आधी हृदयविकाराने गेला, तेव्हा ती परत गेली नाही. याच शाळेत ती साधी क्लार्क होती, तिथून एचआरपर्यंत चढली. मुलगी तिथेच शिकत होती आणि कर्मचाऱ्याची मुलगी म्हणून तिची फी माफ होती. माझ्या वर्गात पेन उघडून बसणाऱ्या चार-पाच जणांत वैशाली पहिली. प्रश्न विचारायची, आणि उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचारायची. मला तिचा अभिमान वाटे.

शाळेच्या संचालकांना सगळे मुदीर म्हणत. नाव अरबी, माणूस आपलाच. हिंदी बोलणारा, द पर्लसारख्या श्रीमंत वस्तीत राहणारा, ईदला आणि दिवाळीलाही सगळ्यांना मिठाईचा डबा देणारा. परक्याने केलं असतं तर मला इतकी चीड आली नसती, असं मी मनाशी म्हणते. पण खरं नाही ते. तेवढीच आली असती.

इथला कायदा सांगतो की पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडे राहायला हवा. कामगाराने स्वतः लेखी विनंती केली तरच मालकाने तो सांभाळायला ठेवावा, आणि मागितला की परत द्यावा. हे मी पहिल्यांदा समजावलं तेव्हा मुदीरसाहेब वर्गात होते.

“लेखी विनंती म्हणजे कशी असते, मॅडम?” त्यांनी विचारलं.

मी हुशारीच्या भरात फळ्यावर लिहून दाखवली. चार ओळी, अरबीत आणि इंग्रजीत. ‘माझा पासपोर्ट सुरक्षित राहावा म्हणून मी तो स्वेच्छेने शाळेकडे ठेवायला देत आहे. मागताच तो मला परत मिळेल.’ शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलं होतं. साहेबांनी फोनवर फळ्याचा फोटो काढला आणि ‘शुक्रन’ म्हणाले. मला वाटलं, आजचा वर्ग छान झाला.

त्यानंतर मोठा बदल आला. नोकरी बदलायला जुन्या मालकाचं ना हरकत पत्र लागायचं, ते रद्द झालं. नोटीस द्या, मुदत भरा, दुसरीकडे जा. हे बाहेरच्याला साधं वाटेल. पण त्या एका कागदापायी लोकांनी दहा-दहा वर्षं एका जागी काढली होती. त्या आठवड्यात मी अकरा शाळांत शिकवलं आणि अकराही ठिकाणी टेबलामागची माणसं सरळ बसून ऐकत होती. मालक मात्र गावा न पिता उठले. पुढे काय होणार हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. एका दाराची कडी निघाली की असली माणसं दुसऱ्या दाराला कुलूप घालतात.

त्या शाळेत अंकुश जाधव नावाचा बसड्रायव्हर होता. साताऱ्याकडचा, माण तालुक्यातला. सात वर्षं बस चालवत होता आणि एकाही पालकाची तक्रार नव्हती. वैशालीने एका रविवारी सकाळी (इथे कामाचा आठवडा रविवारी सुरू होतो) मला फोन करून बोलावून घेतलं, तेव्हा तो तिच्या समोरच्या खुर्चीत टोपी हातात धरून बसला होता.

त्याची मोठी बहीण शालन डायलिसिसवर होती. आई लवकर गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. त्याचं मूत्रपिंड तिला जुळत होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती. त्याआधी देणारा आणि घेणारी दोघांना समितीपुढे बसावं लागतं, दात्यावर कुणाची जबरदस्ती नाही ना हे तिथे विचारतात. रजा मंजूर होती. तिकीट काढलेलं होतं. बुधवारी निघायचं होतं.

“मग अडलंय कुठे?” मी विचारलं.

वैशालीने मागे बोट दाखवलं. तिच्या खुर्चीमागे भिंतीला लागून करड्या रंगाचं लोखंडी कपाट होतं. शाळेच्या साठ-पासष्ट माणसांचे पासपोर्ट त्यात होते. चावी तिच्याच ड्रॉवरमध्ये असे, पण मुदीरसाहेबांच्या सहीची चिठ्ठी आल्याशिवाय उघडायचं नाही असा हुकूम होता. आणि साहेब चिठ्ठी देत नव्हते. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं की अंकुशला दुसऱ्या एका वाहतूक कंपनीने विचारलंय. पासपोर्ट दिला की हा गावी जाईल आणि तिथून थेट त्या कंपनीत जाईल, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं.

“विचारलं व्हतं कंपनीनं, खोटं कशाला बोलू,” अंकुश म्हणाला. “म्या न्हाई म्हनलं. ताई, पळून जायाचंच असतं तर इथनंच गेलो असतो की. पळून जानारा मानूस किडनी द्यायला जातो व्हय?”

कुणीतरी त्याला सुचवलं होतं, पासपोर्ट हरवला म्हणून लिहून दे, वकिलातीतून दुसरा कागद मिळेल. त्याने ते केलं नाही. “हरवला न्हाई तर हरवला कसं लिहू? समितीपुढं खरं बोलायला बसायचंय मला.”

मी वैशालीला त्याची विनंती दाखव म्हटलं. तिने फाईल उघडली. रुजू होताना सही करायच्या चौदा कागदांमधला तो नववा कागद होता. माझेच शब्द, माझीच अरबी. ‘स्वेच्छेने शाळेकडे ठेवायला देत आहे’, आणि खाली सही. शेवटचं वाक्य नव्हतं.

मी तशीच साहेबांच्या खोलीत गेले. त्यांनी मला बसायला सांगितलं, खजूर पुढे केले.

“मॅडम, ये तो आपका ही दिया हुआ फॉर्म है,” ते हसून म्हणाले.

“खालची ओळ कुठे गेली?”

“पानावर जागा नव्हती.”

पानाचा खालचा अर्धा भाग कोरा होता. मी तो त्यांच्यासमोर धरला. म्हटलं, ओळ असो वा नसो, मागितल्यावर परत देणं हा कायदा आहे, आणि या माणसाची बहीण मरणाच्या दारात आहे. ते म्हणाले, त्यांना सहानुभूती आहे. दोन सहकारी हमीदार राहिले तर विचार करू. गुरुवारी बघू, इन्शाल्ला.

“फ्लाइट बुधवारी आहे,” मी म्हटलं.

“मग पुढची घ्यावी,” ते म्हणाले.

आता माझी चूक सांगते. ती लिहायची म्हणूनच हा लेख लिहायला घेतला. कपाट तीन पावलांवर होतं आणि चावी ड्रॉवरमध्ये होती. कायदा पूर्ण आमच्या बाजूने होता. मी वैशालीला ‘उघड’ म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. ऑफिसात गेले आणि आमच्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, “ते आपले क्लायंट आहेत. आपण सल्ला देतो, भांडत नाही. रीतसर पत्र पाठवा, आठ दिवसांची मुदत द्या.” मी रीतसर पत्र पाठवलं. कलमं बरोबर होती, भाषा नम्र होती. अंकुशला तक्रार करायला सुचवलं तर तो म्हणाला, “तक्रार केली तर परत यिऊन कुठं हुबा ऱ्हाऊ? तिच्या गोळ्याबी माझ्याच पगारावर हायत.” मी त्याच्या मागे लागले नाही. मनातून मलाही सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहिते.

बुधवार गेला. विमान गेलं. समितीची तारीख हुकली. डॉक्टरांनी पुढची तारीख पाच आठवड्यांनंतरची दिली.

साहेबांनी माझ्या पत्राला उत्तर दिलं. दोन ओळींचं. संबंधित कर्मचाऱ्याने स्वेच्छेने ठेवायला दिलेल्या कागदपत्राबाबत शाळा योग्य वेळी निर्णय घेईल. योग्य वेळी. मी ते वाचून फाडणार होते, पण ते फाईलला लावायचं होतं.

तीन आठवडे गेल्यावर एका रविवारी मी पुन्हा वैशालीकडे गेले. या वेळी ऑफिसला विचारलं नाही. तिने दार लावून घेतलं.

“आपा, मला रोज वाटतं उघडावं,” ती म्हणाली. “तो सकाळी सह्या करायला येतो तेव्हा माझ्याकडे बघतसुद्धा नाही. राग नाही हो त्याला. त्यालाच माझी लाज वाटते.”

“तू कायद्याने चुकत नाहीयेस. उघड. मी लेखी देते.”

“ईशिताची दहावी आहे. ही नोकरी गेली की तिची शाळा जाते, घर जातं.”

मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, “तुझा पासपोर्ट कुठे असतो गं?”

“कुठे म्हणजे? त्यातच, आपा. खालच्या कप्प्यात. नवव्या कागदावर मीही सही केलीय.”

इतक्या वर्षांत हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. मी ज्यांना कायदा शिकवत होते, जी माणसं माझे शब्द वहीत उतरवून घेत होती, त्यांतल्या किती जणांचे पासपोर्ट त्यांच्याच पाठीमागच्या कपाटात होते कोण जाणे. मी शिकवत होते, ‘तुम्ही त्यांना परत द्या.’ ‘तुमचा परत मागा’ असं मी एकदाही म्हटलं नव्हतं.

वैशालीने चार दिवस घेतले. गुरुवारी सकाळी, बसगाड्या मुलांना सोडून परत आल्यावर, तिने अंकुशला बोलावलं, कपाट उघडलं, त्याचा पासपोर्ट त्याच्या हातात दिला आणि रजिस्टरवर सही घेतली. मग ती थांबली नाही. बाकीचे ड्रायव्हर आले, आया आल्या, मोकळ्या तासाला शिक्षक येऊन गेले. बातमी न सांगता पसरली. एक केरळी प्रयोगशाळा सहायक आपला पासपोर्ट उघडून स्वतःचा फोटो बराच वेळ बघत उभा होता, तेव्हा केस काळे होते म्हणाला. दुपारी बारापर्यंत कपाट रिकामं झालं. सगळ्यात शेवटी तिने स्वतःचा घेतला आणि स्वतःच्या नावापुढे सही केली. मग मुदीरसाहेबांना एका ओळीचा ईमेल पाठवला. कायद्यानुसार सर्व पासपोर्ट ज्यांचे त्यांना परत केले आहेत, पोचपावत्या जोडल्या आहेत.

मला तिने दुपारी फोन केला. “खलास, आपा,” एवढंच म्हणाली.

रविवारी तिच्या टेबलावर नोटीस होती. सेवांची गरज राहिलेली नाही. आमच्याही ऑफिसचा त्या शाळेशी असलेला करार संपवल्याचं पत्र आलं. आमचे साहेब माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. मी त्यांना सांगितलं, मला काढायचं तर काढा, पण मी शिकवलेला कायदा त्या मुलीने पाळला, आणि आपल्या सगळ्या क्लायंटांत तसं करणारी ती एकटीच आहे. त्यांनी काढलं नाही. बहुतेक अरबी वाचणारं दुसरं कुणी नव्हतं म्हणून.

वैशालीला वक्रामधल्या एका शाळेत हजेरी विभागात जागा मिळाली. पद खालचं, पण मुलीला प्रवेश दिला. आणि त्यासाठी जुन्या मालकाचं कुठलंच पत्र लागलं नाही. ईशिताचा बोर्डाचा अर्ज जुन्या शाळेतून भरून झाला होता. तिला परीक्षेला बसू देणार नाही अशी कुजबुज साहेबांनी करून पाहिली. मी पालकसभेच्या दोन बायांना गाठून ती बंद पाडली. ती कशी पाडली हे लिहीत नाही, त्या बाया अजून तिथे आहेत.

अंकुश त्याच आठवड्यात पुण्याला गेला होता. पण मधल्या चार आठवड्यांत शालनला डायलिसिसच्या नळीतून जंतुसंसर्ग झाला होता. ताप उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं डॉक्टर म्हणाले. तो तिच्याजवळ बसून राहिला. समितीने त्याला विचारलं, जबरदस्ती नाही ना? तो नाही म्हणाला. मंजुरीचा कागद मिळाला. ताप उतरला नाही. तो गेल्यानंतर नवव्या दिवशी शालन वारली.

वेळेत झालं असतं तर ती जगलीच असती, असं मी म्हणणार नाही. मी डॉक्टर नाही. पण पहिल्या तारखेला तिला ताप नव्हता. एवढं मला माहीत आहे, आणि तेवढं पुरे आहे.

मी निवृत्त होईपर्यंत नमुना म्हणून कुणालाही काही लिहून दिलं नाही. वर्गाला गेले की खडू हातात घेण्याआधी म्हणायचे, “आधी कपाट कुठे आहे ते दाखवा.” काही शाळांनी मला पुन्हा बोलावलं नाही. काहींनी दाखवलं. एका ठिकाणी आत नुसत्या उत्तरपत्रिका होत्या, तेव्हा मी त्या एचआरवाल्या पोराची पाठ थोपटली.

अंकुश रजा संपायच्या आदल्या दिवशी दोह्याला परतला. त्या शाळेत मी पाऊल ठेवत नव्हते, पण एका लग्नाच्या जेवणात मुदीरसाहेब भेटले. ते ताट घेऊन माझ्याजवळ आले, आणि आवाजात खरंच आपुलकी होती.

“मॅडम, वो ड्राइवर वापस आ गया. मैंने बेकार में शक किया. ईमानदार आदमी निकला.”

मी ताट ठेवलं आणि निघून आले. काय बोलायला हवं होतं ते मला घरी पोचल्यावर सुचलं, आणि अजून रोज काहीतरी नवं सुचतं.

अंकुशने परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी नोटीस दिली. त्याच्या नोकरीच्या मुदतीला दोन महिन्यांची नोटीस लागते. ती त्याने पूर्ण भरली. एक दिवस खाडा नाही, एक दिवस बस उशिरा नाही. मी त्याला विचारलं, इतकं कशाला रे? तर म्हणाला, “पोरं त्यांची न्हाईत ना, ताई. पोरं लोकांची हायत.”

शेवटच्या दिवशी दुपारची फेरी झाल्यावर साहेब स्वतः पार्किंगमध्ये आले. स्टाफसमोर त्यांनी त्याची तारीफ केली आणि हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. हे मला अंकुशनेच संध्याकाळी फोनवर सांगितलं.

“मग तू काय केलंस?”

“त्यांचा हात तसाच पुढं व्हता,” तो म्हणाला. “बसची किल्ली ठिवली त्यात, आन् चालत गेटाबाहेर आलो.”